चार वाजता विसर्ग

लातुरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी बाई दर पावसाळ्यात पुराची पिशवी भरून दाराला टांगते, हे बघून माझी सून तोंड फिरवून हसते. हसू दे बापडी. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, तिथं पुराची धास्ती बाळगणं जरा अतीच आहे, हे मलाही कळतं. नातू तर म्हणतो, "आज्जी, इथं पूर यायचा तर आधी टँकर उलटावा लागंल." पण पिशवी टांगल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिच्यात बॅटरी असते, काडेपेटी असते, बीपीच्या गोळ्या, चष्म्याचा जुना जोड, घराचे कागद आणि एक जाड दोरी. दोरी कशाला, म्हणून सुनेनं एकदा विचारलं. मी म्हटलं, म्हशीसाठी. म्हैस कुठाय, असं तिनं विचारलं नाही, तेवढी ती समजूतदार आहे. ही खोड मला माझ्या नीलाआत्यानं लावली आणि ती जन्माची लागली.

आमचं गाव मांजरेच्या काठाला, देगलूरकडच्या अंगाला. नदी घरापासून हाकेवर नव्हे, पण पळत गेलं तर दम लागायच्या आत येणारी. वरच्या अंगाला धरण. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं आणि दुकानामागं आमचं घर, वर मातीचं सपाट माळवद. आत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती माझ्या जन्माआधी, आणि आल्या दिवसापासून घराचा कारभार तिच्या हातात गेला. आईनं तो आनंदानं दिला असं आई सांगायची. अण्णा सांगायचे की, द्यायचा प्रश्नच आला नाही, आक्कानं घेतला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कमरेला किल्ल्या आणि आवाज असा की दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा दचकून सरळ उभं राहायचं.

मिरगाचं आभाळ आलं की बाकीच्या घरांत पेरणीची बोलणी निघत, आमच्या घरात पुराची. आत्या सगळ्यांना ओसरीत बसवून फर्मानं सोडायची. ज्वारीची पोती जमिनीवर न्हाई, फळीवर. शेताचे कागद बिस्किटाच्या डब्यात, डबा तुळईला. माळवदावर जायची शिडी भिंतीला टेकलेलीच पाहिजे, तिच्यावर कुणी धोतर वाळत घालायचं न्हाई. हे शेवटचं अण्णांना उद्देशून असायचं. म्हशीच्या दाव्याला सरकगाठ, एका ओढीत सुटणारी. ही सरकगाठ आमच्यापेक्षा म्हशीलाच लवकर कळली. ती मान झटकून दावं सोडवायची आणि थेट स्वयंपाकघरात येऊन कोथिंबीर खायची. आई म्हणायची, "वन्सं, पूर आला तर हिला वाचवायची काळजी न्हाई, हीच आपल्याला वाचवंल."

आणि मग तालीम. आत्या पितळी परातीवर उलथन्यानं तीन ठोके द्यायची. तीन ठोके पडले की हातातलं टाकून माळवद गाठायचं, हा नियम. अण्णा अर्धी दाढी साबणात घेऊन शिडी चढताना अख्ख्या गल्लीनं बघितलेत. वर गेल्यावर हजेरी. "इसू?" अण्णांचं नाव विश्वनाथ. "हाय, आक्का." "कांता?" "हाय," मी म्हणायची. आईनं एकदा गमतीनं "म्हैस हाय" असं म्हटलं, तर आत्या आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. तालमी इतक्या झाल्या, की परात वाजली तरी शेजारीपाजारी मान वर करीनात. "काय न्हाई, नीलाबाईचा पूर आला," असं म्हणून ते आपल्या कामाला लागायचे. आम्हीही हळूहळू निबर झालो. अण्णा तर पहिल्या ठोक्याला "चढलो गं आक्का" असं दुकानातूनच ओरडायचे.

मला मात्र पूर यावा असं मनापासून वाटायचं, ते धपाट्यांसाठी. पाणी चढायची बातमी आली की आत्या धपाट्यांचा डोंगर लावायची. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तीळ, ओवा, हिरव्या मिरचीचा ठेचा, सगळं दह्यात मळून ओल्या फडक्यावर थापलेलं. तव्यावर पडताना जो चर्रर्र आवाज व्हायचा, तो मला शाळेच्या घंटेपेक्षा प्रिय होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, बरणीला कापड बांधून. हे सगळं संकटाचं अन्न, हात लावायचा नाही. "तीन दिस टिकत्यात," आत्या बजावायची. आमच्या घरात ते तीन तास टिकायचे. पूर यायचा नाही, धपाटे संपायचे आणि आत्या म्हणायची, "उद्या खरंच पाणी आलं की खावा मग एकमेकाला."

आता माझ्या एका गुणाविषयी सांगितलं पाहिजे. मी त्या वर्षी नववीत होते आणि मराठीत वर्गात पहिली. हुशारी ठीक आहे, पण ती मला झेपली नाही. दुकानाच्या पाटीवर अण्णांनी 'साकर' लिहिलं होतं, ते मी खडूनं दुरुस्त केलं. लग्नाच्या पत्रिका आल्या की पेन्सिल घेऊन बसायची. घरातही पुस्तकातल्यासारखं बोलायची. "आई, मला भूक लागलेली आहे," असं म्हटल्यावर आई म्हणायची, "लागलेली असू दे, भाकर झालेली न्हाई." गुरुजींनी नुकताच विसर्ग शिकवला होता. दुःख, अंतःकरण, पुनःपुन्हा. अक्षरापुढची ती दोन टिंबं मला इतकी आवडली की, काही दिवस मी ती जिथं नाहीत तिथंही देऊन बघायची.

तो दिवस गणपतीचा नववा. मंडळाचा गणपती आमच्या दुकानासमोरच बसायचा आणि विसर्जनाला त्याला डोक्यावर घेऊन नदीत उतरायचा मान अण्णांचा. गावात सगळ्यांत उंच तेच आणि पोहण्यातही पटाईत. त्या वर्षी पाऊस लई झाला होता. नदी वाढून राहिली, तर एक दिवस आधीच बाप्पाला पोचवावं, असं काही जण म्हणत होते. बाकीचे म्हणत होते, दहा दिवसांचा पाहुणा नवव्या दिवशी हाकलायचा का? सकाळपासून हाच वाद चालू होता. मी गल्ल्यावर बसून गुळाच्या खड्यावरच्या माश्या हाकत होते, तेवढ्यात लक्ष्मणमामा आले. लक्ष्मणमामा गावचे कोतवाल, दवंडी द्यायचं काम त्यांचं. एरवी धरणाचं पाणी सोडायचं असलं की तालुक्याचा माणूस तोंडीच सांगून जायचा, दारं उघडायलेत म्हणून, आणि मामा तसंच ओरडायचे. त्या दिवशी कुणीतरी कागद देऊन गेलं होतं आणि मामाच्या चष्म्याची एक काच फुटलेली.

"कांते, वाच बरं जरा. काय लिवलंय?"

कागद पावसात भिजलेला. वरच्या ओळी, म्हणजे कुठल्या कचेरीतून आला, कशाविषयी आहे, हे सगळं निळं पाणी होऊन गेलेलं. खालचं तेवढं धड होतं. 'आज सायंकाळी चार वाजता नदीपात्रात विसर्ग करण्यात येणार आहे. नदीकाठच्या ग्रामस्थांनी सतर्क राहावे.' मी ते वाचलं आणि मला हसूच फुटलं. अरे देवा, एवढ्या मोठ्या कचेरीतल्या कारकुनाला साधं विसर्जन लिहिता येऊ नये! नदीत विसर्ग म्हणे. दुःखातली टिंबं काय कुणी नदीत सोडतं? मी कानावरची पेन्सिल काढली, 'विसर्ग'वर काट मारली आणि वर ठसठशीत 'विसर्जन' लिहिलं.

"मामा, आज चार वाजता नदीत विसर्जन आहे. गावानं सतर्क, म्हणजे तयार राहायचं."

"बराबर वाचलंस न्हवं पोरी?"

"नुसतं वाचलं नाही मामा, दुरुस्त करून दिलंय."

"शाब्बास गं," मामा म्हणाले आणि हलगी घेऊन निघाले. पाच मिनिटांत गल्लीगल्लीतून त्यांचा आवाज यायला लागला, "आज चार वाजता नदीत इसर्जन हाय होऽऽ! समद्यांनी तयार राहावं होऽऽ!" सकाळपासूनचा वाद एका दमात मिटला. मोठे म्हणाले, बरं झालं, वरूनच हुकूम आला. अण्णा दुकानात येऊन हसत म्हणाले, "काय जमाना आला बघ. सरकार आता बाप्पाला बी टाइम देऊन राहिलं." मी मनात म्हटलं, त्या हुकमाला शुद्ध मी केलंय.

तीन वाजता मिरवणूक निघाली. बैलगाडीवर भोंगा, पुढं हलग्या, झांजा, ढोल, गुलाल. आई बायकांबरोबर पुढं गेली. घाटापर्यंत गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की, खोबरं-साखरेच्या शिरणीचं ताट आमच्याच घरी राहिलं. शिरणी नसती तर पोरं बाप्पाला सोडून आमच्या घरावर चाल करून आली असती. मी पळत घरी आले. आत्या चुलीपुढं बसून धपाटे थापत होती. नदी वाढतेय म्हटल्यावर तिचा डोंगर सकाळपासून चालू होता, मिरवणूक असो की वरात. मी ताट उचललं, पण पोटात गुपित मावेना.

"आत्या, एक गंमत सांगू? ती आजची दवंडी आहे ना, त्या कागदावर विसर्जन लिहिलेलंच नव्हतं. कारकुनाला आलंच नाही. त्यानं काय लिहिलं असेल? विसर्ग!"

आत्याचा हात फडक्यावर थांबला. "काय म्हणलीस?"

"विसर्ग. म्हणजे ती दोन टिंबं असतात ना..."

"परत म्हण."

"विसर्ग, आत्या."

तव्यावरचा धपाटा करपला तरी तिनं बघितलं नाही. तिचा चेहरा असा झाला होता की, माझ्या हातातलं ताट आपोआप खाली गेलं. "अगं माय! पाणी सोडायलेत गं धरणाचं! इसर्ग म्हंजे पाणी सोडणं! टाइम काय झाला?"

दुकानातल्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. अण्णा त्या घटकेला बाप्पाला डोक्यावर घेऊन नदीत उतरत असणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. धरणातून सुटलेलं पाणी आमच्या घाटापर्यंत यायला किती वेळ लागतो, हे गावात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. आज मी कुणालाही सांगते, धरणाखाली राहत असाल तर पिशवी नंतर भरा, आधी हे विचारून ठेवा. आत्यानं परातीतलं पीठ तिथंच पालथं केलं, परात नि उलथनं घेतलं आणि दाराबाहेर पडता पडता म्हशीचं दावं एका ओढीत सोडलं. साठीच्या घरातली ती बाई पुढं आणि नववीतली मी मागं, असं आम्ही पळालो.

घाटावर सगळं गाव होतं. बायका खालच्या पायऱ्यांवर, पोरं वाळूत, आणि अण्णा कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर गणपती. आत्यानं जिवाच्या आकांतानं परात वाजवायला सुरुवात केली. तीन ठोके, परत तीन ठोके. पण हलग्या इतक्या जोरात होत्या की, परात त्यांच्यातच मिसळून गेली. लोकांनी वळून बघितलं आणि एकच गिल्ला झाला, "नीलाबाई आली! नीलाबाई आली नाचाया!" त्यांनी तिच्यासाठी रिंगण केलं, कुणीतरी तिच्या डोक्यावर गुलाल उधळला, हलगीवाला तिच्यापुढं गुडघ्यावर बसून वाजवायला लागला. आत्या त्याला उलथनं दाखवत ओरडत होती, "मुडद्या, पाणी यायलंय, पाणी!" आणि तो हसून आणखी जोर लावत होता.

मी बैलगाडीवर चढले आणि भोंग्याचा माईक हिसकावून घेतला. "थांबा!" मी ओरडले.

"मोरया!" गाव म्हणालं.

"पाणी येतंय!"

"मोरया!"

"धरणाचं पाणी सोडतायत! बाहेर या!"

"मंगलमूर्ती मोरया!" त्या माईकवरून त्या दिवशी काहीही बोललं असतं तरी उत्तर तेच येणार होतं. मला रडू फुटलं. मग जे तोंडातून निघालं ते मी ठरवून बोलले नाही. "मी चुकले! म्या चुकले वं! कागद म्या चुकीचा वाचला! इसर्जन न्हवतं, इसर्ग व्हता! अण्णा, भाईर या!"

आणि हलग्या थांबल्या. का थांबल्या, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. मला वाटतं, विश्वनाथ वाण्याची कांता चुकले म्हणते आणि तेही अशुद्ध बोलून, हे इतकं अघटित होतं की गावाला पाण्याची खात्री पटली. मागून आत्याच्या परातीचे तीन ठोके आता खणखणीत ऐकू आले. बायकांनी पोरं उचलली आणि सगळे घाट चढून गावाकडं पळाले. पळाले नाहीत ते फक्त अण्णा.

"इसू, भाईर ये!" आत्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली.

"आक्का, पाण्यात उतरलेला बाप्पा परत कसा नेऊ? असं कधी झालंय का? डुबी देतो अन् येतो." डुबी द्यायची तर मधल्या धारेपर्यंत जायची आमच्याकडं रीत, आणि अण्णा तिकडं वळलेही होते.

"डुबी देऊ नगं. त्याला पायरीवर बशीव."

"अन् मग?"

"त्याला नदीतच जायचंय न्हवं? नदी यिऊन त्याला घिऊन जाईल. येती ती. मला ठाव हाय. तू भाईर ये रं बाबा, तुझ्या पाया पडते." थोरली बहीण धाकट्याच्या पाया पडते म्हणाली, तेव्हा अण्णा वळले. त्यांनी गणपती मधल्या पायरीवर नीट पूर्वेकडं तोंड करून बसवला, हात जोडले आणि आत्यानं त्यांचं मनगट धरून त्यांना ओढत वर आणलं. वर येताच तिनं हजेरी घेतली, या वेळी घराची नाही, गावाची, गल्लीगल्लीनं. कुणी हसलं नाही. ज्याचं त्याचं नाव पुकारलं की तो "हाय" म्हणत होता, आणि लक्ष्मणमामा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

पाणी आलं तेव्हा गर्जना वगैरे काही झाली नाही. आधी फेस आला, मग काटक्या, मग एक आख्खी बाभळ. नदीचा रंग बदलला आणि पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. ज्या वाळूत पोरं नाचत होती ती जागा कुठली हे सांगता येईना. गणपतीच्या पायांशी पाणी आलं, मग मांडीशी. तो किंचित हलला, जागेवरच अर्धा वळला आणि बसल्या बसल्याच निघून गेला. गाव हळू आवाजात मोरया म्हणालं. मी अण्णांकडं बघितलं नाही. माझी हिंमतच होत नव्हती.

तेच माझ्याजवळ येऊन बसले. ओलं धोतर, अंगभर गुलालाचे ओघळ. "कांते," ते म्हणाले, "तुझ्या व्याकरणात इसर्ग म्हंजे काय गं?"

"दोन टिंबं, अण्णा."

"दोन टिंबं," ते म्हणाले, "आरं तिच्या मायला, दोन टिंबांपायी मेलो असतो की मी." आणि ते हसायला लागले. इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी आलं ते थांबेचना. त्यांनी माझा हात धरला होता. घरापर्यंत सोडला नाही. माझ्यावर ते ना त्या दिवशी रागावले ना कधी पुढं. आत्यानं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि शिक्षा सांगितली. गावातल्या एकूण एक घरी जायचं आणि विसर्ग म्हणजे काय हे समजावून यायचं. ती बरोबर आली. मी सांगायची, ती उंबऱ्यात बसून ऐकायची आणि मग घरच्या बाईला म्हणायची, "कळलं का? आता तू सांग बघू उलटून." शिडी आहे का, दाव्याला गाठ कसली आहे, म्हातारं माणूस माळवदावर कोण चढवणार, हेही विचारायची. ज्यांनी आयुष्यभर तिच्या परातीची टिंगल केली, त्या बाया उठून तिला सरकगाठ घालून दाखवत होत्या. "वाण्याची पोरगी दोन टिंबांवाली" हे नाव मला त्या फेरीत पडलं आणि लग्न होईपर्यंत पुरलं.

शेवटचं घर झाल्यावर परत येताना मी तिला विचारलं, "आत्या, मला माहीत नव्हतं, गुरुजींना नसेल, अण्णांना नव्हतं. तुला हा शब्द कसा ठाऊक?"

ती चालत राहिली. "आमच्या गावाला बी असाच कागद आलता," ती म्हणाली. "देवळापुढं वाचला. मोठ्यानं वाचला, समद्यांनी ऐकला. अर्थ कुणालाच ठाव न्हवता. तुझे मामा बैल धुवाया नदीवर गेले व्हते." आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मी त्यांचा फोटोसुद्धा बघितला नव्हता.

घरी आल्यावर तिनं चुलीतून एक कोळसा उचलून माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीकडं बोट केलं. "लिव तो शब्द. मोठा लिव. मला वाचता येत न्हाई, पर त्यो कसा दिसतो ते एकदा बघू दे."

मी लिहिला. वि, स आणि डोक्यावर रफार घेतलेला ग. आत्या भिंतीजवळ गेली, डोळे बारीक करून तिनं तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला आणि मग हाताची वीत लावून मोजला.

"एवढासाच हाय व्हय गं?" ती म्हणाली.